‘बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो’: ऑटोमॅटिक कॅमेऱ्याच्या जाहिराती कशा वाचायच्या

जाहिरातींवर संशोधन करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: जाहिरात हा समाजाचा आरसा असतो. ऐकायला छान वाटतं. पण त्यावर तीन-चार वर्षं काम करायचं म्हटलं की अडचण सुरू होते. आरशात बघून वर्णन करता येतं, प्रश्न विचारता येत नाही. शिवाय जाहिरात देणाऱ्याला समाज दाखवायची हौस नसते, त्याला माल खपवायचा असतो. त्यासाठी तो आधी एक गिऱ्हाईक मनात उभं करतो आणि मग खऱ्या माणसांना पटवून देतो की ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगितलं तर डोक्यावरून जाईल. म्हणून एकच उदाहरण घेऊ या आणि ते नीट उलगडून बघू. ‘फोटोग्राफीतलं आपल्याला काही कळत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसांना कॅमेरा कसा विकला गेला? काळ साधारण १८८८ पासून पुढची शंभर वर्षं. जागा मुख्यतः अमेरिका आणि जपान, थोडीशी ब्रिटन.

माझा दावा आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला तो तपासत वाचता येईल. या जाहिराती सोपेपणा विकतात असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्या कामाची एक वाटणी विकतात. थोडं काम गिऱ्हाइकाचं, उरलेलं कंपनीचं. त्या उरलेल्या कामात काय काय बसवलंय, हे जाहिरात कधी सांगत नाही. संशोधकाचं काम तिथून सुरू होतं.

१८८८: आपोआप काहीच होत नव्हतं

जॉर्ज ईस्टमन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातून १८८८ मध्ये ‘कोडॅक’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. रोल संपला की गिऱ्हाइकाने अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिथे रोल धुऊन, कॉप्या काढून, नवा रोल भरून कॅमेरा परत यायचा. याचे १० डॉलर. जाहिरातीतलं ते प्रसिद्ध वाक्य याच कॅमेऱ्याचं: तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही करतो.

आता हा कॅमेरा उघडून बघा. प्रकाश मोजायची सोय नाही. फोकस बदलायची सोय नाही, तो ठरलेलाच. शटरचा वेगही एकच. डोळा लावून बघायला खिडकीसुद्धा नाही, वरच्या बाजूला नुसत्या रेघा आखलेल्या, त्यावरून अंदाज घ्यायचा. बटणाआधी एक दोरी ओढून शटर तयार करायचं आणि बटणानंतर किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. म्हणजे ‘फक्त बटण दाबा’ हे अक्षरशः घेतलं तरी खरं नव्हतं. या यंत्रात स्वयंचलित असं काहीही नव्हतं.

मग सोपं काय झालं होतं? फोटो घेणं आणि फोटो तयार करणं ही दोन कामं वेगळी झाली होती. ईस्टमन यांनी कॅमेऱ्यासोबतच्या माहितीपुस्तिकेत हे तत्त्व स्वतःच मांडलंय: कोणालाही जमेल ते काम आणि फक्त जाणकारालाच जमेल ते काम, यांची फारकत. सुरुवातीची फिल्म कागदावर चढवलेली असे. धुतल्यावर तो पातळ थर कागदावरून सोडवून घ्यावा लागे. घरी बसून करण्यासारखं हे काम नव्हतंच. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, पारदर्शक सेल्युलॉइडची फिल्म आली आणि ही अडचण बरीच दूर झाली. त्यानंतरच्या काही जाहिरातींत त्या प्रसिद्ध वाक्याला एक शेपूट जोडलेलं दिसतं: हवं तर बाकीचंही तुम्हीच करू शकता. हे शेपूट आज कोणाच्या लक्षात नाही. पहिला अर्धा भाग मात्र पाठ्यपुस्तकांत गेला. तुम्ही मूळ जाहिराती न बघता पुस्तकातलं वाक्य उचललं, तर शेपूट गळतं आणि त्याबरोबर एक चांगला प्रश्नही गळतो: घरी रोल धुणं शक्य झाल्यावरही किती जणांनी काम कारखान्यावरच सोपवलं, आणि का?

हिशेबही करून बघा. कॅमेरा २५ डॉलर, दर वेळचं भरणं १० डॉलर. तिसऱ्या खेपेला गिऱ्हाइकाने सेवेवर केलेला खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपुढे जातो. १९०० मध्ये आलेल्या ब्राउनी कॅमेऱ्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. कॅमेरा १ डॉलर, सहा फोटोंची फिल्म १५ सेंट. सात रोल झाले की कॅमेऱ्याची किंमत मागे पडली. कंपनीला गिऱ्हाईक कॅमेऱ्यापुरतं नको होतं, पुढची कैक वर्षं हवं होतं. ‘तुम्हाला यातलं काही कळायची गरज नाही’ हे वाक्य अशा धंद्यात फार उपयोगाचं असतं. ज्याला स्वतः रोल धुता येतो त्याला कोणावर अवलंबून राहावं लागत नाही.

‘काही न कळणारा’ माणूस कुठून आला?

कोडॅकच्या जाहिरातींत १८९० च्या दशकापासून एक तरुणी दिसू लागते. पुढे ती ‘कोडॅक गर्ल’ म्हणूनच ओळखली गेली आणि नंतर तिचा पट्ट्यापट्ट्यांचा पोशाखही ठरून गेला. ब्राउनीच्या जाहिराती तर मुलांनाच उद्देशून होत्या. कॅमेऱ्याचं नावही पामर कॉक्स यांच्या त्या काळच्या लोकप्रिय बालचित्रांतल्या चिमुकल्या बुटक्यांवरून घेतलेलं. पहिल्याच वर्षात एक लाखाहून जास्त ब्राउनी विकले गेले.

इथे विद्यार्थी एक सरळ निष्कर्ष काढतात: बाई आणि मूल दाखवलं, कारण कंपनीला म्हणायचं होतं ‘हे इतकं सोपं आहे की बाईमाणसालाही जमेल’. हे वाचन चूक नाही, पण अर्धवट आहे. त्याच चित्रांत ती तरुणी घराबाहेर आहे. समुद्रकिनारी आहे, प्रवासात आहे, बऱ्याचदा एकटी आहे, आणि बघणारी ती आहे. चित्रकलेत शतकानुशतकं जिच्याकडे बघितलं गेलं, तिच्या हातात बघायचं यंत्र दिलंय. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात आहेत. एका बाजूने तिला तंत्रापासून दूर ठेवलंय, दुसऱ्या बाजूने तिला नजर दिलीय. चांगल्या संशोधनात यातली एकच बाजू निवडायची घाई नसते. दोन्ही एकत्र कशा नांदतात हाच तुमचा प्रश्न असू शकतो.

आणि अंधारखोलीचं उगाच गुणगान करायचं कारण नाही. कोडॅकच्या आधी हौशी माणसाला काचेच्या प्लेटा, तिकाटणं, रसायनं, अंधारी खोली आणि भरपूर फावला वेळ लागायचा. हे सगळं कोणाकडे असायचं? पैसेवाल्या पुरुषांकडे. एक डॉलरच्या खोक्याने शाळकरी पोरांच्या हातात फोटो दिला, ही लहान गोष्ट नाही. माझी टीका कॅमेरा सोपा केला यावर नाही. सोपेपणाची किंमत सांगितली नाही, यावर आहे.

कॅमेरा ‘नाही’ कधी म्हणतो?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑटोमॅटिक हा शब्द खरोखर यंत्राला लागू होऊ लागला. पण शब्द एक आणि त्यामागची यंत्रं फार वेगवेगळी. ती वेगळी कशी ओळखायची? मी एक साधी कसोटी वापरतो: फोटो बिघडणार असेल तर कॅमेरा काय करतो?

पहिला नमुना, १९६५ चा पोलरॉइड स्विंगर. किंमत १९.९५ डॉलर, गिऱ्हाईक तरुण पोरंपोरी. याच्या खिडकीतून बघताना लाल गुंडी दाबून फिरवायची. प्रकाश योग्य जुळला की खिडकीत ‘येस’ हा शब्द उमटायचा. जाहिरातीत हा कॅमेरा खेळण्यासारखा दाखवलाय, पण गुंडी फिरवणारा हात गिऱ्हाइकाचाच आहे. दहा-वीस फोटोंनंतर उन्हात गुंडी कुठे असते आणि सावलीत कुठे, हे हाताला कळणारच. म्हणजे हा कॅमेरा न सांगता शिकवत होता.

दुसरा नमुना, ऑलिंपस ट्रिप ३५. हा १९६७ मध्ये आला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. याला बॅटरी लागत नाही, भिंगाभोवतीच्या सेलेनियम सेलवर प्रकाश मोजला जातो. उजेड पुरेसा नसेल तर खिडकीत लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. कॅमेरा सरळ नकार देतो. का, ते सांगत नाही, पण फिल्म वाया जाऊ देत नाही. फोकस मात्र याच्यात आपोआप नाही. भिंगावर छोटी चित्रं आहेत: एक माणूस, दोन माणसं, घोळका, डोंगर. अंतराचा अंदाज घेऊन योग्य चित्र तुम्हीच निवडायचं. फिल्म किती वेगाची आहे तेही तुम्हीच लावायचं.

तिसरा नमुना म्हणजे त्यानंतरचे ऑटोफोकस कॅमेरे. १९७७ चा कोनिका सी३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. १९७९ मध्ये कॅननचा आला. जपानमध्ये त्याचं नाव ‘ऑटोबॉय’, अमेरिकेत ‘शुअर शॉट’. नावंच बघा. एकात सगळं निमूटपणे करून देणारा पोऱ्या आहे, दुसऱ्यात नेम न चुकण्याची हमी. १९८६ मध्ये फुजीचा एकदाच वापरायचा कॅमेरा जपानमध्ये आला, ‘उत्सुरुन-देसु’. नावाचा आशय साधारण ‘फोटो येतो हो!’ असा. आणि गंमत म्हणजे हा अख्खा कॅमेराच लॅबमध्ये द्यायचा. शंभर वर्षांनी आपण पुन्हा रॉचेस्टरला पोचलो. फरक एवढाच की या वेळी कॅमेरा परत येत नाही.

या कॅमेऱ्यांचा भर नकार न देण्यावर आहे. अंधार असेल तर फ्लॅश मारतील, काहीतरी येईलच. पण ते ‘काहीतरी’ का आलं, हे कळायचे धागेदोरे गिऱ्हाइकाच्या हातून सुटत जातात. फोकस मधल्या रिकाम्या जागेतून पाठीमागच्या भिंतीवर गेला आणि दोन्ही मित्र धूसर आले, तर दोष कोणाचा? जाहिरातीने सांगितलं होतं की चूक होऊच शकत नाही. मग चूक झाली म्हणजे माझीच, मला साधं बटणही दाबता येत नाही. ‘मला तंत्रातलं काही कळत नाही’ हे वाक्य माणसं स्वतःबद्दल बोलायला लागतात, त्यात अशा हमीचा वाटा असतो असं माझं म्हणणं आहे.

याचा पुरावा कुठे शोधायचा? जाहिरातीत तर नाहीच. एक जागा सांगतो. ब्रिटनमध्ये १९८० आणि ९० च्या दशकांत लॅबवाले बिघडलेल्या कॉपीवर एक छोटं स्टिकर लावून द्यायचे. फोटो हलला आहे, खूप जवळून घेतला आहे, उजेड कमी पडला आहे, असं त्यावर छापलेलं. कॅमेऱ्याने न सांगितलेलं कारण लॅब सांगत होती. कॅमेऱ्याची जाहिरात म्हणते चूक होणार नाही, आणि चुकांची यादी आधीच छापून तयार असते. हे दोन कागद शेजारी ठेवले की थिसिसचा एक प्रकरणभर मजकूर निघू शकतो.

डेव्हिड बेली आणि उलटी खुशामत

सगळ्याच जाहिराती गिऱ्हाइकाला अडाणी ठरवत नाहीत, हेही बघायला हवं. ऑलिंपस ट्रिपच्या ब्रिटनमधल्या टीव्ही जाहिरातीत डेव्हिड बेली हे तेव्हाचे नामांकित फॅशन फोटोग्राफर होते. भलंमोठं सामान घेऊन आलेला एक हौशी गृहस्थ त्यांच्या हातातल्या छोट्या कॅमेऱ्याला नाक मुरडतो आणि टोमणा मारतो, की स्वतःला काय डेव्हिड बेली समजतोस? समोर खुद्द बेलीच उभे आहेत हे त्याला कळत नाही.

इथे हसं कोणाचं होतं? ज्याला तंत्र कळतं त्याचं. न कळणारा गिऱ्हाईक थेट उस्तादाच्या पंगतीला बसतो. ही खुशामत फार हुशारीची आहे. बेलींच्या डोळ्यात जी कित्येक वर्षांची मेहनत आहे, ती जाहिरातीतून गायब होते, आणि ती कॅमेऱ्यासोबतच मिळते असं वाटत राहतं. १९७६ च्या कॅनन एई-१ ची अमेरिकेतली जाहिरातही याच वळणाची. त्या कॅमेऱ्यात मायक्रोप्रोसेसर होता, आणि घोषवाक्याचा अर्थ असा, की तो इतका पुढारलेला आहे म्हणूनच सोपा आहे. १८८८ मध्ये सोपेपणाचं कारण होतं रॉचेस्टरचा कारखाना. १९७६ मध्ये कारण झालं एक चिप. ‘बाकीचं’ करणारा हात बदलला, वाटणी तीच राहिली.

म्हणून ‘जाहिराती सामान्य माणसाला कमी लेखतात’ असं सरसकट विधान लिहू नका. कधी कमी लेखतात, कधी डोक्यावर घेतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे: शिकण्याची मधली पायरी दिसत नाही.

‘बाकीचं’ म्हणजे नेमकं काय काय?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘बाकीचं आम्ही बघतो’ यातल्या ‘बाकीचं’मध्ये काय भरलंय, ते उघडून बघू.

पहिलं, पैसा. कोडॅक अमेरिकेत रंगीत फिल्मच्या किमतीतच धुण्याची किंमत जोडून विकत असे. म्हणजे फिल्म घेतलीत की धुलाईही त्यांचीच. अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली यावर बोट ठेवलं. १९५४ मध्ये तडजोडीचा न्यायालयीन हुकूम झाला आणि कोडॅकला हे दोन वेगळे करावे लागले. जाहिरातीत जी सोय दिसते, तीच कायद्याच्या भाषेत गिऱ्हाइकाला बांधून ठेवणं ठरू शकते. एकाच गोष्टीचे हे दोन कागद आहेत. जाहिरातींवर काम करणाऱ्याने कोर्टाचे कागद वाचायचे असतात ते यासाठी.

दुसरं, मालकी. ऑटोफोकसचं तंत्र कोणाचं? कोनिकाच्या त्या पहिल्या कॅमेऱ्यात हनीवेल या अमेरिकन कंपनीचा भाग बसवलेला होता. पुढे १९८५ मध्ये मिनोल्टाने ७००० हा ऑटोफोकस एसएलआर आणला. हनीवेलने पेटंटवरून दावा ठोकला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले. ‘कॅमेरा आपोआप फोकस करतो’ या चार शब्दांआड एवढी मोठी लढाई होती. आपोआप होणाऱ्या गोष्टीलाही मालक असतो.

तिसरं, आणि सगळ्यात खोल जाणारं, म्हणजे ‘नॉर्मल’ काय हे ठरवण्याचा अधिकार. रंगीत फोटोच्या लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचं कार्ड असायचं. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो. या कार्डांना ‘शर्ली’ म्हणत. कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये यावर लिहिलेला शोधनिबंध तुम्ही वाचलाच पाहिजे. त्यांनी दाखवलंय की गोरी त्वचा हाच मापदंड धरल्यामुळे सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे तपशील हरवत होते. फिल्म सुधारण्यासाठी कंपनीवर दबाव आला, त्यात चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींचाही भाग होता. त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत नीट येत नव्हत्या!

आता पुन्हा ते घोषवाक्य वाचा. बाकीचं आम्ही बघतो. त्या ‘बाकीचं’मध्ये तुमच्या चेहऱ्याचा रंग कसा दिसावा हेही होतं, आणि ते ठरवताना समोर दुसऱ्याच कोणाचा तरी चेहरा होता. ज्याला फिल्मचं तंत्र कळतं, तो निदान प्रकाश वाढवून घेईल किंवा लॅबवाल्याशी भांडेल. ज्याला ‘तुला काही कळायची गरज नाही’ असं सांगितलंय, तो म्हणेल, माझा फोटोच चांगला येत नाही. हे वाक्य तुम्हीही घरात ऐकलं असेल. म्हणून हा विषय नुसत्या जाहिरातबाजीचा नाही.

‘फोटो काढणं’ आणि ‘फोटो काढून घेणं’

आपल्या भाषेत एक फरक आयताच आहे. ‘फोटो काढणं’ वेगळं आणि ‘फोटो काढून घेणं’ वेगळं. स्टुडिओत जाऊन, केस विंचरून, पडद्यापुढे बसून आपण फोटो काढून घेतो. काढणारा दुसरा असतो आणि ते आपण मान्य केलेलं असतं. ईस्टमनच्या कॅमेऱ्याने काय केलं, तर काढून घेणाऱ्याला सांगितलं की आता तूच काढणारा. पण रोल धुण्यापासून कॉपीपर्यंत सगळं अजून दुसरेच करत होते. मराठीत बघितलं तर कोडॅकचं गिऱ्हाईक या दोन क्रियापदांच्या मध्येच कुठेतरी उभं आहे.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या वळणाने गेला, म्हणून अमेरिकन निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नका. ज्या काळात अमेरिकेत कोडॅकचा इन्स्टामॅटिक विकला जात होता (१९६३ ते १९७० या काळात पाच कोटींहून जास्त), त्या काळात आपल्या बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत कॅमेरा म्हणजे बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री. साधा डबा, एका रोलवर बारा फोटो, ऑटोमॅटिक काही नाही. आणि बहुसंख्य लोकांसाठी फोटो म्हणजे स्टुडिओच. ख्रिस्तोफर पिनी यांचं ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) हे पुस्तक मध्य प्रदेशातल्या नागदा गावातल्या स्टुडिओंवरच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. स्टुडिओत फोटो काढून घेणारी माणसं निष्क्रिय नव्हती, आपण कसं दिसायचं हे ती ठरवत होती, हे त्यातून कळतं. म्हणजे तंत्र हातात नसलं की नियंत्रणही नसतं, असं दर वेळी नाही. स्टुडिओवाला समोर असतो, त्याला ‘जरा गोरा काढ’ किंवा ‘पुन्हा काढ’ म्हणता येतं. रॉचेस्टरला असं सांगता येत नव्हतं. माझ्या दाव्याला ही मर्यादा घालायलाच हवी: प्रश्न तंत्र येतं की नाही एवढाच नाही, ज्याच्यावर काम सोपवलं त्याच्याशी बोलता येतं का, हाही आहे.

आधीच्या अभ्यासकांचं काय करायचं?

तीन नावं तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूत येतीलच, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं.

सुझन सोंटॅग यांचं ‘ऑन फोटोग्राफी’ १९७७ चं. कॅमेऱ्याच्या जाहिरातींत बंदुकीची भाषा कशी येते आणि कौशल्याची गरज नाही असं कसं सांगितलं जातं, हे त्यांनी फार धारदारपणे टिपलंय. पण त्या जाहिरातीच्या भाषेवरून थेट फोटो काढणाऱ्यांच्या मनापर्यंत उडी मारतात. मधला पुल नाही. निबंधकाराला ते चालतं, तुम्हाला व्हायव्हात चालणार नाही.

पिएर बुर्द्यू आणि सहकाऱ्यांचं हौशी फोटोग्राफीवरचं फ्रेंच पुस्तक १९६५ चं. माणसं काय फोटो काढतात, कोणत्या प्रसंगी काढतात, याचा त्यात खरा अभ्यास आहे. कॅमेरा सोपा झाला म्हणून लोक वाटेल ते टिपत सुटले नाहीत, लग्न, बारसं, सहल अशा ठरलेल्या प्रसंगांनाच तो बाहेर निघाला, हा त्यातला मोठा धडा. आणखी एक गोष्ट: या अभ्यासामागे कोडॅक-पाथे या कंपनीचा पाठिंबा होता. म्हणून पुस्तक टाकून द्यायचं का? अजिबात नाही. पण कंपनीला या उत्तरांत रस का असेल, हा प्रश्न मनात ठेवून वाचायचं.

नॅन्सी मार्था वेस्ट यांचं २००० सालचं पुस्तक खास कोडॅकच्या जाहिरातींवरच आहे. सुरुवातीला खेळ आणि मौज विकणारी कंपनी हळूहळू आठवणी आणि हुरहुर विकू लागली, हे त्या दाखवतात. माझ्या मते या पुस्तकाला एकच जोड हवी आहे: चित्रांबरोबर पावत्या, माहितीपुस्तिका आणि करारही वाचले पाहिजेत.

तुम्ही सुरुवात कशी कराल?

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीत असाल, तर एवढं करून बघा. विषय कॅमेराच हवा असं नाही. मिक्सर, वॉशिंग मशीन, शेअर बाजाराचं ॲप, काहीही चालेल.

एक, जाहिरात आणि त्याच वस्तूची माहितीपुस्तिका शेजारी ठेवा. जाहिरातीत ‘फक्त’ हा शब्द आला की पुस्तिकेत किती पायऱ्या आहेत ते मोजा. या दोन आकड्यांतलं अंतर हा तुमचा पहिला पुरावा.

दोन, ‘आपोआप’ या शब्दाखाली रेघ मारा आणि विचारा: कोण करतंय? माणूस, यंत्र, की दूरची कंपनी? त्याचे पैसे कोण देतंय, कधी देतंय?

तीन, बिघाड शोधा. दुरुस्तीची दुकानं, तक्रारींची पत्रं, परत केलेला माल. जाहिरातीत सगळं नीट चालतं, म्हणून ती वस्तू कशी चालते हे तिथे कळत नाही.

चार, जाहिरातीवरून जाहिरात देणाऱ्याबद्दल बोला, वापरणाऱ्याबद्दल नाही. वापरणाऱ्याबद्दल बोलायचं असेल तर त्याच्या घरी जा, अल्बम बघा, बोला. कपाटातला जुना अल्बम हा तुमच्या गाइडने सांगितलेल्या कुठल्याही डेटाबेसइतकाच पुरावा आहे, फक्त तो नीट नोंदवायला शिका: कोणता कॅमेरा, कोणती लॅब, कॉपीच्या मागे काय छापलंय, कोण फोटोत आहे आणि कोण कायम कॅमेऱ्यामागेच राहिलंय.

आजचे बरेच फोन तर बटण दाबण्याच्या आधीपासूनच फ्रेम साठवत असतात आणि अनेक फ्रेम मिसळून एक चित्र हातात देतात. म्हणजे १८८८ च्या वाटणीत गिऱ्हाइकाकडे जे एक काम उरलं होतं, नेमका क्षण पकडायचं, तेही आता पूर्ण त्याचं राहिलेलं नाही. फोनच्या पुढच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचं कौतुक ऐकाल तेव्हा मेगापिक्सेल मोजण्याआधी ही वाटणी मांडून बघा. एका बाजूला ‘तुम्ही’, दुसऱ्या बाजूला ‘आम्ही’. कोणत्या बाजूला किती ओळी येतात ते कमेंटमध्ये लिहा. कोणाकडे जुन्या कॅमेऱ्याची मराठी माहितीपुस्तिका असेल तर तेही कळवा, मला ती वाचायची आहे.